मारोतीपुढे कॅनडा

केनवडच्या बसथांब्याजवळ मुन्नाचं सलून आहे. दोन खुर्च्या, तीन आरसे आणि वर कोपऱ्यात टांगलेला टीव्ही. दाढीला बसलेल्या माणसाला तो आरशातून उलटा दिसतो, म्हणून बातम्या वाचायच्या नाहीत, ऐकायच्या, असा इथला रिवाज. या टीव्हीवर केनवडने बरीच सरकारं पडताना ऐकली. पण कॅनडाचं सरकार इथे आणलं ते पुंजाजीने.

पुंजाजी बासष्ट वर्षांचा. सोयाबीन आणि तूर पिकवणारा, दोन एकर विहिरीखाली, बाकीचं वरच्या पाण्यावर. आयुष्यात अकोल्याच्या पुढे फार गेला नाही. पण मागच्या पाच महिन्यांत त्याने कॅनडा असा पाठ केला की मुन्ना म्हणे, काका, तुमाले तिथं मतदानाचा हक्क भेटाले पाह्यजे. किती जागा? तीनशे त्रेचाळीस. लाल पक्ष कोणता, निळा कोणता? निळा म्हणजे आपल्याकडचा निळा नाही, वेगळा. पंतप्रधान मधेच बदलला, निवडणूक न घेता, तेव्हा पुंजाजीने अर्धवट दाढीनिशी खुर्चीतून उठून सांगितलं होतं की बाबाहो, हे तर उपसरपंचाला बढती दिल्यासारखं झालं.

एवढा अभ्यास कशासाठी, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी विचारत नव्हतं. त्याची एकुलती एक लेक राखी तिकडे होती, आणि ती घरी का येत नाही याचं कारण तो कॅनडात शोधत होता.


चर्चासत्र

समजावून सांगायची त्याची एक पद्धत होती. कॅनडातली कोणतीही गोष्ट वाशिम जिल्ह्यात सापडतेच, असा त्याचा सिद्धांत.

अल्बर्टा नावाचा एक प्रांत आहे, तो म्हणजे त्यांचा विदर्भ. जमिनीखाली तेल यांचं, खुर्ची तिकडच्यांची. तिथलेही लोक दर काही वर्षांनी म्हणतात, आम्हाला वेगळं करा. कोणी करत नाही.

देवमन हा पुंजाजीचा शेजारी आणि चाळीस वर्षांचा विरोधी पक्ष. त्याने विचारलं, "मंग त्याहीचं नागपूर कोनतं?"

"एडमंटन. राखी तिथंच राह्यते."

"तिथंबी हिवाळी अधिवेशन व्हते का?"

"सहा महिने हिवाळाच असते तिथं, लेका. जे व्हते ते हिवाळीच."

सलून हसलं. पुंजाजीला हसू आवडायचं. हसू चालू असेपर्यंत पुढचा प्रश्न येत नाही.

मग वाटाण्याचा विषय निघायचा. कॅनडाचा पिवळा वाटाणा जहाजाने येतो, आपल्या हरभऱ्याचा आणि तुरीचा भाव बसवतो. यावर जवळच्या मालेगावच्या बाजारात लोक शिव्या द्यायचे. पुंजाजी शिव्या देत नसे. एकदा फक्त म्हणाला की वाटाण्याला बरा परवाना मिळतो, आणि गळ्याभोवतीचा टॉवेल स्वतःच सोडून बाहेर गेला. अर्धी मिशी कापायची राहिली होती. मुन्नाने हाक मारली नाही.

आणखी एक दिवस. दक्षिणेकडचा मोठा शेजारी देश कॅनडाला म्हणत होता, आमच्यात या, आमचं एक्कावन्नावं राज्य व्हा. पुंजाजी म्हणाला, जमायचं नाही. आपलं वाशिम अकोल्यातून निघालं, आता कोणी म्हटलं तर परत जाईल का? वेगळं निघालेलं माणूस पुन्हा त्या चुलीवर

एवढंच म्हणाला. वाक्य तसंच राहिलं.


व्यत्यय. दिलगीर आहोत.

आता जे झालं ते सरळ सांगितलेलं बरं.

राखी दोन वर्षांपूर्वी शिकायला गेली. मागच्या वर्षी उन्हाळ्यात तिच्या आईचा, चतुराबाईचा, घसा बसला. बसलेला घसा उठेना. अकोल्याच्या डॉक्टरांनी गाठ सांगितली, आषाढात गळा उघडला, आवाज काढून घेतला आणि एक नळी दिली. चतुराबाई म्हणजे अशी बाई, की नळावर भांडण लागलं तर दोन्हीकडून तीच बोलायची. ती घरी आली तेव्हा तिच्या तोंडातून वाऱ्याशिवाय काही निघत नव्हतं.

राखीचं शेवटचं सत्र चालू होतं. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. काय सांगायचं? पुंजाजीने डोकं चालवलं. चातुर्मास लागला होता. चातुर्मासात बाया काय काय नेम धरतात, कोणी वांगं सोडते, कोणी मीठ. त्याने राखीला सांगितलं, तुझ्या मायने मौन धरलं आहे. कार्तिकी एकादशीला सुटेल.

राखी इतकी हसली की फोन हातातून पडला. माय आन मौन!


रविवार, सकाळ

राखी: माय, बरी हायेस ना?

चतुराबाई:

राखी: मान हलवून कायले राह्यली, एखांदा शब्द चोरून बोल ना. देव काय एवढा ध्यान देऊन बसला नाही.

चतुराबाई:

राखी: माही मैत्रीण हाये ना, सुकेशनी, नांदुऱ्याची. तिनं काल पुरन केलं. पुरनात मक्याचं पीठ टाकलं, माय. मक्याचं! तू असती तं तिले पाट्यावर वाटली असती.

चतुराबाई:

राखी: हसली! बाबा, माय हसली. आवाज नाही आला पन हसली. मले दिसलं.

चतुराबाई:

राखी: पदर काहून लपेटला एवढा? थंडी वाजते?

पुंजाजी: नेम हाये तिचा. गळ्याले हवा लागू द्याची नाही.

राखी: असा कोनता नेम असते?

पुंजाजी: असते.

राखी: बरं. माय, एकशे आठ दिवस झाले. नऊ राह्यले. बाराव्या तारखेले मंगळवार येते, त्या दिवशी मी सुट्टी टाकतो. सकाळपासून बोलू आपन. तुले जे जे साचलं ते सारं काढ.

चतुराबाई:


आंतरराष्ट्रीय घडामोडी

त्याआधी, ऑक्टोबरात, राखी म्हणाली होती की दिवाळीला येते. विमान पाहून ठेवलं आहे, आठ दिवसांची सोय होते.

नेमके तेच दिवस होते. भारताने कॅनडाच्या अधिकाऱ्यांना काढलं, कॅनडाने भारताच्या. घरातल्या टीव्हीवर सहा चौकटींत सहा माणसं एकाच वेळी ओरडत होती. चतुराबाई खाटेवर पडून होती आणि हाताने खूण करत होती, आवाज कमी करा. पुंजाजीने आवाज कमी केला नाही. फोन टीव्हीसमोर धरला आणि राखीला म्हणाला, ऐक. दोन देशांचं जुंपलं आहे. आता आलीस तर परत घेणार नाहीत. शिक्षण अर्ध्यात जाईल. येऊ नको.

राखी म्हणाली की कॉलेजात तर तसं कोणी बोललं नाही.

पुंजाजी म्हणाला, सरकार कॉलेजला विचारून भांडते का?

तिने विमान सोडलं. तो त्याचा कॅनडाच्या राजकारणावरचा पहिला अधिकृत शब्द. पुढे सलूनमध्ये जे काही बोलला, ते सगळं त्याच्यावर चढवलेले मजले होते.


थेट प्रक्षेपण नाही

चतुराबाई कार्तिकीच्या चार दिवस आधी गेली. शुक्रवारी पहाटे.

पुंजाजीने राखीला दुपारी कळवलं, मोक्षधामाहून परत आल्यावर. गाठ, अकोला, नळी, सगळं एका दमात सांगितलं.  मग राखीने एकच विचारलं.

"मौन मंगळवारी सुटनार व्हतं ना?"

तेरवीला ती आली नाही. परीक्षा आहे म्हणाली. लोकांनी विचारलं तेव्हा पुंजाजीने सांगितलं की चतुरानेच आपल्याला शपथ घातली होती, पोरीला कळू देऊ नका, तिचं शिक्षण पुरं होऊ द्या. शब्द नव्हते तरी तिने त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता. हे ऐकून बाया रडल्या. माऊली होती, म्हणाल्या. राखीलाही त्याने तेच सांगितलं. ती हं म्हणाली.

तेव्हापासून तिचा फोन रविवारऐवजी महिन्यातून एकदा यायला लागला. दर वेळी पुंजाजी विचारायचा, कधी येतेस? दर वेळी ती म्हणायची, कामाच्या परवान्याचे कागद अडकले आहेत, बाबा. इथल्या सरकारचं काही सांगता येत नाही.

इथल्या सरकारचं! पुंजाजीला हे उत्तर औषधासारखं लागलं. म्हणजे दोष सरकारचा. मग तो सरकार पाहायला बसला. सकाळी चहाबरोबर कॅनडा, दुपारी भाकरीबरोबर कॅनडा. मुन्नाने मोबाईलवर बातम्यांची वाहिनी लावून दिली. इंग्रजी कळत नव्हतं, पण माणूस खोटं कधी बोलतो ते तोंडावरून कळतं, आणि त्या बाबतीत पुंजाजीचा स्वतःचा हात चांगला बसलेला होता.


नवस

निवडणूक लागली. तिकडचा एक हिंदी बोलणारा माणूस मोबाईलवर रोज समजावून सांगायचा. दोन्ही पक्ष म्हणत होते की बाहेरची गर्दी कमी करू, परदेशी पोरं कमी करू. लाल जरा हळू म्हणत होते, निळे जरा मोठ्याने. पुंजाजीला मोठ्याने म्हणणारा खरा वाटला.

राखीच्या वयाच्या गावोगावच्या पोरांचे आईबाप देवाला काय मागत असतील? कागद होऊ दे, पोरगं तिकडे पक्कं होऊ दे. पुंजाजी चैत्रातल्या एका शनिवारी मारोतीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, देवा, निळ्याले निवडून आण. माह्या पोरीले हाकलून द्यावं त्याहीनं. विमानात बसवून, हात धरून, कसंबी. आली की एकवीस नारळ फोडतो.

मारोतीला असा नवस कोणी बोललं नसेल. त्याच्या शेंदराखाली काय वाटलं असेल ते असो. शेजारी देवमन तेल वाहत होता, त्याला ऐकू गेलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने विरोध केला नाही. गाभाऱ्यातून बाहेर येताना पुंजाजीचा हात धरला आणि पायरी आहे एवढंच म्हणाला.

पुंजाजीला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत निकाल हवा होता. गेलेल्या माणसाची पहिली घागर आखाजीला भरतात. तोवर घरात आंबा तोंडाला लावत नाहीत. मायची घागर लेकीने भरावी, असं त्याच्या मनात होतं. निकाल मंगळवारी सकाळी, आखाजी बुधवारी. एका दिवसात कोणी एडमंटनहून येत नाही, हे त्याला कळत होतं. पण निदान ती निघाली आहे, असं घागरीला सांगता आलं असतं.


निकाल

लाल.

सकाळी आठ वाजता सलूनमध्ये मोबाईल उभा करून ठेवला होता. लाल पट्टी पुढे गेली आणि पुढेच राहिली. दुपारी कळलं की निळ्यांचा म्होरक्या स्वतःच्याच जागेवर आपटला. आपल्याच वार्डात पडला म्हणा ना, असं मुन्ना बोलून गेला आणि लगेच वस्तरा धुवायला लागला.

पुंजाजी घरी आला. टीव्ही लावला नाही.


आखाजी

मायच्या नावाने एका बाईला जेवायला बसवायची असते. पुंजाजीने देवमनच्या बायकोला, शीलाला, सांगून ठेवलं होतं. घरात करणारं कोणी नव्हतं, म्हणून पाहुणीच आदल्या दिवशीपासून आपल्या चुलीवर स्वैपाक करून घेऊन आली. चिंचगुळाची चिंचवणी, सांजोऱ्या, कुरड्या, वाटीभर रस. डोक्यावर पाटी, अंगावर नवं पातळ. दाराशी येऊन म्हणाली, "भाऊजी, माहं ताट मलेच वाढा लागते का आता?"

तो हसला आणि त्याने वाढलं. लाल मातीची घागर भरली, तोंडावर आंबा ठेवला. शीलाचे पाय धुतले, कुंकू लावलं, पाटावर बसवलं. एकदा ताट पुढे आलं की जेवल्याशिवाय या बाईने उठायचं नाही. ती उपाशी उठली तर गेलेली उपाशी राहते.

शीला घासाला हात घालणार तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पाच महिन्यांत राखीने चेहरा दाखवला नव्हता. आज दाखवला. तिकडे अजून मंगळवारची रात्र होती, कामावरून आली असावी, अंगात कंपनीचा जाड कोट तसाच होता. गालाची हाडं वर आली होती.

"घागर दाखवा, बाबा."

त्याने दाखवली. ती पाहत राहिली.

"कोनं भरली?"

"मीच."

 मग पुंजाजीला शांतता सहन होईना, आणि शांतता मोडायला त्याच्याकडे एकच विषय होता. तो म्हणाला, लाल आले ना शेवटी. त्याला वाटलं होतं निळे येतील. राखी म्हणाली, तुमाले काय त्याचं? आणि त्याने नवस सांगून टाकला. मारोती, एकवीस नारळ, विमान, हात धरून हाकलून दे, सगळं.

राखी हसली. मायच्या मौनाला हसली होती तशीच, फोन हलेपर्यंत. हसता हसता तोंडावर हात गेला, आणि हात खाली आला तेव्हा ती हसत नव्हती.

"बाबा, मले कोनी अडवलं नाही. कागद फेब्रुवारीतच आले. तीन वर्साचे. येता येते, जाता येते. सरकारचं काही नाही."

पुंजाजीने फोन दुसऱ्या हातात घेतला.

"मलेच नाही याचं. त्या घरात मी चार महिने एकलीच बडबड करत व्हती. माय मरत व्हती आन मी तिले मक्याच्या पिठाचं सांगत व्हती. मले सांगा, मी येऊन कोनत्या खोलीत बसू?"

शीलाने मान खाली घातली. उठता येत नव्हतं.

राखी पुढे म्हणाली की तिचा राग मायवरच जास्त आहे. मायने शपथ घातली नसती तर बाबांनी सांगितलं असतं. आपली पोर काय एवढी कच्ची वाटली का तिला? पाच महिने याच गोष्टीशी ती भांडते आहे, आणि मेलेल्या माणसाशी भांडून काही मिटत नाही. मग एकदम थांबून तिने विचारलं.

"शपथ घातली व्हती ना तिनं?"

हो म्हणायला एक अक्षर लागतं. ते पुंजाजीच्या जिभेवर तयार होतं, पाच महिने वापरून गुळगुळीत झालेलं. हो म्हटलं असतं तर राखी रागाने का होईना, मायवरचा राग घेऊन, कधीतरी आली असती. बापावर तर तिचा राग नव्हता.

त्याने पाटावर बसलेल्या शीलाकडे पाहिलं. नवं पातळ, कपाळावर कुंकू, पुढे न शिवलेलं ताट.

"नाही," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"शपथ नाही घातली. मी बनवलं ते. ती तं तुले बलाव म्हने. असं मनगटावर बोट फिरवे, राखी बांधल्यावानी, आन फोनकडं दाखवे."

"मंग?"

"लोकं म्हनतात ना, जीव अटकून राह्यते. जानारं मानूस कोनाची तरी वाट पाहते, ते भेटलं की सोडते. माह्या बापाचं तसंच झालं व्हतं. मोठा भाऊ सुरतेहून आला, पानी पाजलं आन गेला बाप. मी पाह्यलं वं ते. हिचा जीव तुह्यात अटकून व्हता. मले वाटलं, अटकूनच राहू द्या. तू नाही आली तं ती जानार नाही."

पलीकडे राखीचा चेहरा इतका स्थिर होता, की पुंजाजीला वाटलं फोन अडकला.

"तं ते देशाचं भांडन," ती म्हणाली.

"टीव्हीवर चालू व्हतं. मी धरलं."

"किती बार बलावलं तिनं मले?"

त्याने घागरीवरचा आंबा सरळ केला.

"बाबा. किती बार?"

"शेवटी शेवटी रोज."

राखीने मान हलवली. होकाराची की कशाची, कळलं नाही. मग कोटाची चेन गळ्यापर्यंत वर ओढली, घरात बसून, आणि म्हणाली की आता ठेवते. कधी येतेस, असं पुंजाजीने पहिल्यांदाच विचारलं नाही. तिने आपण होऊन काही सांगितलं नाही. चित्र गेलं.

तो भिंतीला टेकून भुईवर बसला. त्याच्या समोर शीला तशीच पाटावर. तिच्या डोळ्यांतून धार लागली होती, आणि उजवा हात ताटाच्या काठावर, पुसायला येत नव्हता.

"भाऊजी, मी काय करू?" तिने विचारलं.

"जेवा, वयनी."

तिने चिंचवणीत सांजोरी बुडवली. चिंचवणी थंड झाली होती. ती एकेक घास घेत राहिली, नको असताना, सगळं ताट. पुंजाजी समोर बसून ते पाहत राहिला, आणि कुठे काही कमी पडलं की उठून वाढत राहिला.